मुलांना लळा लावायला काय आणाल : ससा, गिनीपिग की मांजर?

शाळेला सुट्टी लागली की घरोघरी हट्ट सुरू होतो, "आई, आपल्याकडे ससा आण ना!" बाजारात पिंजऱ्यातलं पांढरंशुभ्र पिल्लू मुलांना भुलवतं. विकणारा म्हणतो, "गाजर टाका, काही त्रास नाही." ताई-दादांनो, पैसे मोजण्याआधी थोडं ऐका.

ससा गाजरावर जगत नाही. त्याचे दात जन्मभर वाढतात. ते झिजायला रोज भरपूर सुकं गवत लागतं. नीट सांभाळला तर तो आठ-दहा वर्षं जगतो. मुलांनी उचललं की घाबरून लाथा झाडतो, त्यात त्याचा कणाही मोडू शकतो. सगळ्यात मोठी अडचण आपल्या पत्र्याची. मे महिन्यात पत्र्याखाली आपण घामाने निथळतो. सशाला तसा घाम येत नाही, तो उष्म्याने दगावतो. नर-मादीची जोडी आणली तर मादी साधारण महिन्याभरात विते.

गिनीपिग गरीब स्वभावाचा, क्वचितच चावतो. पण उन्हाळा त्यालाही सोसत नाही आणि एकट्याला करमत नाही. माणसासारखंच त्याचं शरीर क जीवनसत्त्व तयार करत नाही, म्हणून रोज ताजा पाला-भाजी हवीच.

मग दहा बाय बाराच्या खोलीत काय पाळावं? माझं मत विचाराल तर देशी मांजराचं पिल्लू. ते विकत घ्यावं लागत नाही, गल्लीत कुणाच्या तरी माळ्यावर मांजर व्यालेली असतेच. पिल्लू आठ आठवडे आईपाशी राहू द्या, मग आणा. ऊन वाढलं की मांजर आपली सावली आपणच शोधतं. घमेल्यात वाळू ठेवली की तिथेच शी-शू करायला शिकतं. उंदरांवरही थोडा वचक राहतो. खायला मासळीची मुंडकी उकडून, काटे काढून द्या. कांदा-लसूण घातलेलं कालवण मात्र देऊ नका, ते त्याला विषासारखं आहे.

पण फुकट मिळालं म्हणजे बिनखर्चाचं नव्हे. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्या, पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा. सहा महिन्यांच्या सुमारास नसबंदी करा. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. या दोन गोष्टी जमणार नसतील तर पिल्लू आणूच नका.

घरात दमा असलेलं कुणी असेल तर आधी मांजर असलेल्या शेजाऱ्याकडे त्यांना चार-सहा वेळा बसवून पाहा. धाप लागली तर विचार सोडा. गरोदर बाईने मांजराची घाण काढू नये. तिच्यातून होणारा टोक्सोप्लाझ्माचा संसर्ग पोटातल्या बाळाला बाधतो. दुसऱ्या कुणीतरी घमेलं रोज साफ करावं, हात साबणाने धुवावेत. मुलांच्या अंगावर गोल, खाजरा चट्टा उठला तर तो गजकर्ण असू शकतो. मूल आणि मांजर, दोघांनाही डॉक्टरांना दाखवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मी नोकरीत असताना एक आई मुलीला घेऊन आली. मांजराने हात ओरबाडून तीन दिवस झाले होते आणि जखमेत हळद दाबली होती. "कुत्रं थोडंच चावलंय?" असं तिला वाटलं होतं. रेबीज मांजराकडूनही होतो आणि एकदा लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही. त्या मुलीने सगळे डोस पूर्ण केले, ती सुखरूप आहे.

म्हणून ओरखडा असो की चावा, नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा, तिथे लस मोफत मिळते. कातडीत देतात ती लस पहिल्या दिवशी आणि त्यानंतर ३, ७ व २८ दिवसांनी असते. रक्त आलं असेल तर जखमेतही इंजेक्शन लागतं. मजुरी बुडेल म्हणून शेवटचा डोस चुकवू नका.

मुलांना लळा जरूर लावू द्या. पण पिल्लाचं नाव ठेवण्याआधी त्याच्या लसीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.