म्हातारं कोणाला म्हणायचं?

पाचवीतल्या मुलाला पस्तिशीच्या बाई म्हाताऱ्या वाटतात. कॉलेजातल्या पोरांना पन्नाशीचे सर रिटायर व्हायला आलेले दिसतात. त्याच सरांना विचारलं, तर ते सत्तरीकडे बोट दाखवतात. आणि सत्तरीतले आजोबा शेजारच्या पंच्याऐंशीच्या काकांबद्दल म्हणतात, "आता थकले हो बिचारे." चौघांच्याही मनात म्हातारपणाची एक सीमा आहे आणि चौघांनीही ती स्वतःपासून पुरेशी लांब ठेवली आहे. ही सीमा का सरकते आणि तिच्या सरकण्याने आपलं काय भलंबुरं होतं, ते समजून घ्यायला हवं, कारण तिच्यावरच आपण घरातल्या थोरांशी कसे वागतो हे ठरतं.

पाहण्या काय सांगतात

अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २००९मध्ये लोकांना विचारलं, माणूस म्हातारा कधी होतो? सगळ्यांच्या उत्तरांची सरासरी ६८ निघाली. पण तिशीच्या आतल्यांनी ६० म्हटलं होतं आणि ६५च्या पुढच्यांनी ७४.

त्याहून बोलका अभ्यास जर्मनीतला आहे. तो २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चौदा हजारांहून अधिक लोकांची १९९६ ते २०२१ या काळातली उत्तरं तपासली होती. त्याच माणसांना काही वर्षांनी पुन्हा विचारलं जाई, त्यामुळे एकाच माणसाचं मत कसं बदलतं ते दिसलं. चौसष्टीतल्या लोकांच्या मते म्हातारपण साधारण पंच्याहत्तरीत सुरू होतं. चौऱ्याहत्तरीत पोचलेले ते सत्त्याहत्तरीच्या आसपास नेतात. म्हणजे वय चार-पाच वर्षांनी वाढलं की सीमा सुमारे वर्षभर पुढे जाते. बायकांनी ती पुरुषांपेक्षा सुमारे दोन वर्षं उशिराची सांगितली. जे एकटे पडले होते किंवा ज्यांची तब्येत बरी नव्हती, त्यांना म्हातारपण लवकर सुरू होतं असं वाटत होतं.

सीमा का सरकते

पहिलं कारण हिशेबाचं. आपण दुसऱ्याचं वय आपल्या वयाशी ताडून पाहतो. दहा वर्षांच्या मुलाला चाळीस म्हणजे आपल्या चौपट वय. साठीच्या माणसाला सत्तर म्हणजे आपल्यापेक्षा जेमतेम एक षष्ठांश जास्त.

दुसरं, मनाचं वय शरीराइतक्या वेगाने वाढत नाही. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात चाळिशीच्या पुढच्या लोकांना आपण खऱ्या वयापेक्षा सरासरी वीस टक्के तरुण आहोत असं वाटत होतं. साठीच्या माणसाला आतून अठ्ठेचाळीसच वाटत असतील, तर स्वतःला म्हातारा म्हणायला तो तयार होणार नाही.

तिसरं कारण घरातलं. आई-वडील हयात आहेत तोवर साठीतला माणूसही घरातला मुलगाच असतो. ते गेले की घरातलं सगळ्यांत थोरलं माणूस आपण, हे एकदम जाणवतं.

आणि चौथं, 'साठी बुद्धी नाठी' हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. ज्या वयाची इतकी बदनामी झाली, त्यात शिरायला कोण राजी होईल?

सरकारी आकडे

सरकारला मात्र आकडा ठरवावाच लागतो, आणि तोही एक नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाच्या २००७च्या कायद्यात ज्येष्ठ नागरिक म्हणजे ६० वर्षांचा. राज्य सरकारचे बहुतेक कर्मचारी ५८व्या वर्षी निवृत्त होतात, केंद्राचे ६०व्या. एसटीचं अर्धं तिकीट ६५ला सुरू होतं आणि २०२२पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. आयकर खात्याचे अतिज्येष्ठ ८०चे. हे आकडे सोयीसाठी आहेत. माणसाच्या कुवतीचं माप त्यात नाही.

काळही सीमा हलवतो

जर्मनीने १८८९मध्ये वृद्धांसाठी पेन्शनचा कायदा केला, तेव्हा वय ७० धरलं होतं; १९१६मध्ये ते ६५वर आणलं. भारतात स्वातंत्र्याच्या सुमारास सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं, आज ते सत्तरीच्या घरात आहे. जुना आकडा इतका लहान होता तो मुख्यतः बालमृत्यूंमुळे. बत्तिशीत लोक म्हातारे होत होते असा त्याचा अर्थ नाही. तरीही साठी गाठणारे आज कितीतरी जास्त आहेत, आणि त्यामुळे साठीचं अप्रूप कमी झालं. जर्मन अभ्यासातही १९११ साली जन्मलेले ६५व्या वर्षी म्हातारपण ७१ला धरत होते, तर १९५६ साली जन्मलेले ७४ला.

अठ्ठावन्नाव्या वर्षी विद्यापीठ

आयुष्य मावळतीला लागलं असं ज्या वयात सहज म्हटलं जातं, त्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, १९१६मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ उभं केलं. सत्तरीत ते परदेश दौऱ्यावर निघाले. १९३६मध्ये त्यांनी खेड्यांतल्या शाळांसाठी संस्था काढली आणि पंच्याऐंशी ओलांडल्यावर समता संघ. शंभराव्या वर्षी, १९५८मध्ये, त्यांना भारतरत्न मिळालं. प्रत्येकाला अशी तब्येत लाभत नाही हे खरं. पण साठीच्या माणसाला "आता आराम करा" असं म्हणण्याआधी कर्व्यांची ही वर्षं आठवावीत.

फायदा आणि धोका

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांनी २००२मध्ये एक निष्कर्ष मांडला: आपल्या वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेने पाहणारे लोक तसं न पाहणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. तेव्हा मनाने तरुण असणं ही मोलाची गोष्ट आहे.

धोका आहे तो नाकबुलीत. "मी कुठे म्हातारा झालोय?" म्हणत माणूस कानाची तपासणी टाळतो, न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवू देत नाही, मृत्युपत्राचा विषय निघाला की उठून जातो. दुसरा धोका याहून मोठा. स्वतःसाठी आपण सीमा पुढे नेतो, पण आई-वडिलांसाठी ती अलीकडे ओढतो. मग त्यांचे व्यवहार, प्रवास, औषधं, सगळं त्यांना न विचारता ठरू लागतं.

आपण काय करावं

तपासण्या आणि कागदपत्रं वयाचा आकडा पाहून वेळेवर करावीत. बाकी सगळं कुवत आणि इच्छा पाहून ठरवावं. एकटेपणाने म्हातारपण लवकर जाणवतं, म्हणून थोरांना कट्टा, भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ यांपासून तोडू नये. आणि घरात कोणासाठी काही ठरवताना आधी त्यांनाच विचारावं. आपल्याला जितकी सवलत देतो, तितकीच त्यांना द्यावी. उद्या त्यांच्या जागी आपणच असणार आहोत.