नराच्या रक्तातला बलक

पाणी किती विषारी आहे हे ठरवण्याची जुनी रीत त्यात सोडलेला मासा किती वेळात मरतो हे पाहण्याची होती. परंतु संप्रेरकांच्या व्यवस्थेत ढवळाढवळ करणारी रसायने माशाच्या शरीराला केवळ चुकीचा निरोप देतात, मासा वरकरणी धडधाकट राहतो, आणि त्यामुळे ती या कसोटीतून सहीसलामत निसटतात. संप्रेरक म्हणजे अंतःस्रावी ग्रंथींनी रक्तात सोडलेले, अत्यल्प प्रमाणात काम करणारे रसायन. पेशीतील विशिष्ट प्रथिनाशी, म्हणजे ग्राहीशी, ते जुळले की पेशीचे काम बदलते. ग्राही रेणूची घडण तेवढी ओळखतो. तो रेणू शरीरातच तयार झाला की बाहेरून आला, याची चौकशी तो करत नाही.

या प्रकाराचा फार बारकाईने अभ्यास इंग्लंडमधील नद्यांत झाला. रोच हा तेथे हौसेने गळ टाकणाऱ्यांच्या ओळखीचा, रोहू-कटल्याच्या नात्यातला मासा. 1970च्या दशकाच्या अखेरीस ली नदीच्या परिसरात, मैलापाणी प्रक्रिया केंद्रातून पाणी येई अशा ठिकाणी, एकाच शरीरात नर आणि मादी या दोहोंची लक्षणे असलेले रोच आढळले. कारणाचा माग लागला तो व्हायटेलोजेनिन या प्रथिनामुळे. मादीच्या यकृतात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या हुकमाने ते तयार होते आणि रक्तातून अंडाशयात जाऊन अंड्याचा बलक बनते. त्याचे जनुक नरातही असते, पण हुकूमच येत नसल्याने ते सहसा निद्रिस्त राहते. प्रक्रिया केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात पिंजऱ्यांत ठेवलेल्या ट्राउट माशांच्या रक्तात मात्र हे प्रथिन अवघ्या तीन आठवड्यांत 500 ते 1,00,000 पट वाढल्याचे 1994मध्ये प्रसिद्ध झाले. सुसान जॉबलिंग, जॉन सम्पटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998मध्ये नद्यांतील रोच तपासले, तेव्हा काही ठिकाणी पकडलेल्या प्रत्येक नराच्या प्रजननसंस्थेत मादीपणाच्या खुणा निघाल्या. कुठे वृषणात अंडपेशी होत्या, तर कुठे शुक्रवाहिनीच्या जागी अंडवाहिनीसारखी पोकळी.

संशय साहजिकच कारखान्यांवर होता. तो सर्वस्वी खोटाही नव्हता, कारण यॉर्कशायरमधील आयर नदीत लोकर धुण्याच्या गिरण्यांतील मळकाढू द्रव्यांपासून तयार होणारे नॉनिलफिनॉल हे इस्ट्रोजेनची नक्कल करणारे रसायन भरपूर होते, आणि गिरण्यांनी ती द्रव्ये बदलल्यावर परिणाम उतरला. परंतु बहुतेक ठिकाणचे उत्तर वेगळे निघाले. संशोधकांनी सांडपाण्याचे घटक वेगळे करून मानवी इस्ट्रोजेन-ग्राहीचे जनुक बसवलेल्या यीस्टवर एकेक तपासला, तेव्हा प्रामुख्याने सापडले ते इस्ट्राडायोल आणि इस्ट्रोन, म्हणजे मानवी शरीरातलीच नैसर्गिक संप्रेरके, आणि काही ठिकाणी गर्भनिरोधक गोळ्यांतील एथिनिल-इस्ट्राडायोल. यात एक कोडे होते: शरीर ही द्रव्ये मूत्रातून टाकताना त्यांना शर्कराम्ल किंवा सल्फेट जोडून निष्क्रिय करते. कोडे सुटले ते सूक्ष्मजंतूंमुळे. मैल्यातील जंतू हा जोड तोडतात आणि गटारातून वाहता वाहता संप्रेरक पुन्हा कामाचे होते. कारखान्याला नोटीस देता येते, लाखो घरांतील शौचालयांना ती कोणी द्यावी?

प्रमाण किती, याचा अंदाज कॅनडातील एका प्रयोगातून येतो. ऑन्टॅरिओमधील प्रायोगिक सरोवर क्षेत्रातील ‘लेक 260’ या सरोवरात कॅरन किड आणि सहकाऱ्यांनी 2001 ते 2003 असे तीन उन्हाळे एथिनिल-इस्ट्राडायोल मिसळले. पातळी लिटरमागे 5 ते 6 नॅनोग्रॅम, म्हणजे 100 कोटी लिटर पाण्यात 5-6 ग्रॅम, एवढीच होती. फॅटहेड मिनो या बोटाएवढ्या माशाच्या नरांत व्हायटेलोजेनिन चढले, वृषणांची वाढ खुंटली, माद्यांतील अंडनिर्मितीही बिघडली आणि ही जात त्या सरोवरातून जवळजवळ नाहीशी झाली. मग तिच्यावर जगणाऱ्या ट्राउटलाही अन्न कमी पडले. मिसळणे थांबल्यावर काही वर्षांनी मिनो पुन्हा वाढला.

या प्रयोगाचा आधार घेऊन नद्यांतील मासे संपणार असे भाकीत करणे मात्र उतावळेपणाचे ठरते. मिनोचे आयुष्य जेमतेम दोन-तीन वर्षांचे, त्यामुळे एक-दोन विणीचे हंगाम वाया गेले की जात कोसळते. रोच बरीच वर्षे जगतो आणि अनेकदा अंडी घालतो. एकत्र विणीला सोडलेल्या रोच माशांत फार बिघडलेल्या नरांची संतती निरोगी नरांच्या तुलनेत तीन-चतुर्थांशापर्यंत घटल्याचे 2011मध्ये दिसले. कमी बिघडलेल्या नरांवर फारसा परिणाम नव्हता. पुढे 2014मध्ये जनुकीय तपासणीतून असे निष्पन्न झाले की इस्ट्रोजेनयुक्त पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले रोच बाहेरून भर न पडताही टिकून आहेत. व्यक्तीची हानी आणि जातीची हानी ही दोन मापे वेगळी आहेत, आणि या विषयावरील बहुतेक वाद ती एकत्र केल्यामुळेच वाढले आहेत.

उपाय तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही: नेहमीच्या प्रक्रियेनंतर पाण्यावर ओझोनची किंवा सक्रिय कोळशाची प्रक्रिया केली की ही द्रव्ये मोठ्या प्रमाणात निघून जातात. स्वित्झर्लंडने 2016पासून निवडक केंद्रांना ती सक्तीची केली आणि खर्चासाठी सांडपाण्यावर माणशी आकार बसवला. संप्रेरके ज्यांच्या घरांतून येतात, त्यांच्याकडूनच.