एफ फॉर्म आणि रेडिओलॉजिस्टांची संघटना

वैद्यकीय व्यवसायातील संघटनांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. आधुनिक वैद्यकाची पदवी असलेल्या कोणाही डॉक्टरला सामावून घेणारी इंडियन मेडिकल असोसिएशन हा पहिला प्रकार, तर एकाच विशेषशाखेच्या तज्ज्ञांनी आपल्यापुरती बांधलेली संघटना हा दुसरा. स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ अशा प्रत्येकाची एक राष्ट्रीय संघटना, तिच्या राज्यशाखा आणि त्यांच्याखाली शहरांच्या व जिल्ह्यांच्या शाखा अशी उतरंड देशभर आढळते. क्ष-किरण, सोनोग्राफी, सीटी आणि एमआरआय यांनी टिपलेल्या प्रतिमा वाचून निदान करणाऱ्या रेडिओलॉजिस्टांची अशी संघटना म्हणजे इंडियन रेडिओलॉजिकल अँड इमेजिंग असोसिएशन. तिच्या महाराष्ट्रातील शाखेचा गेल्या काही दशकांचा इतिहास पाहिला, तर विशेषशाखेच्या संघटनेचे बळ कोठे असते आणि तिची मर्यादा कोठे सुरू होते, हे एका कागदाच्या आधारे समजून घेता येते. त्या कागदाला व्यवसायात सर्वजण ‘एफ फॉर्म’ म्हणतात.

संघटनेचे रोजचे काम शैक्षणिक असते आणि ते बहुतेक सर्व विशेषशाखांत सारखेच असते. वार्षिक परिषदा, कार्यशाळा, पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी व्याख्याने आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडील नोंदणीच्या नूतनीकरणासाठी लागणारे गुणांक मिळवून देणारी सत्रे, हे सारे तिने करावे अशी अपेक्षा असते आणि ती ते करते. सभासदाला खरी निकड भासते ती वेगळ्याच कारणाने. क्ष-किरण आणि सीटी यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते, कारण त्यांतून शरीराला अपायकारक ठरू शकणारे किरण बाहेर पडतात. भिंतीची जाडी, शिशाचे आवरण, तंत्रज्ञाच्या अंगावरील किरणमापक बिल्ला यांचे नियम त्यासाठीच आहेत. सोनोग्राफीत फक्त ध्वनिलहरी वापरल्या जातात आणि त्या मंडळाचा तिच्याशी काही संबंध नाही. तरीही डॉक्टरला तुरुंगाच्या दारापर्यंत नेऊ शकणारे यंत्र सोनोग्राफीचेच आहे, ही या व्यवसायातील मोठी विसंगती म्हणावी लागेल.

या विसंगतीचे मूळ महाराष्ट्रातच शोधावे लागते. गर्भजल परीक्षेचा वापर मुलीचा गर्भ ओळखून तो पाडण्यासाठी होऊ लागल्यावर स्त्री-संघटनांनी आणि आरोग्य-कार्यकर्त्यांनी चळवळ उभारली आणि १९८८ मध्ये प्रसवपूर्व निदानतंत्राच्या वापरावर नियंत्रण आणणारा देशातील पहिला कायदा या राज्याने केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत होऊन १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. अंमलबजावणी कागदावरच राहिल्यामुळे ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या संस्थांनी डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि त्यानंतरच्या दुरुस्तीने फेब्रुवारी २००३ पासून सोनोग्राफी ही स्पष्टपणे कायद्याच्या कक्षेत आली. सोनोग्राफी केंद्राची नोंदणी, यंत्राची नोंदणी, नोंदणी नसलेल्यास यंत्र विकण्यास बंदी आणि प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीची लेखी नोंद, अशी ही चौकट आहे.

एफ फॉर्म ही त्यातील लेखी नोंद होय. त्यात स्त्रीचे नाव, वय, पती किंवा वडिलांचे नाव, पूर्ण पत्ता, हयात मुलगे किती व मुली किती, कोणत्या डॉक्टरने पाठविले, शेवटच्या मासिक पाळीची तारीख आणि तपासणी नेमकी कोणत्या वैद्यकीय कारणासाठी केली, हे लिहावे लागते. गर्भाचे लिंग जाणून घेण्याची आपली इच्छा नाही, असे प्रतिज्ञापन स्त्री सही किंवा अंगठा उमटवून देते. आपण ते पाहिले नाही व कोणालाही कोणत्याही प्रकारे सांगितले नाही, असे डॉक्टर लिहून देतो. महिन्याभराच्या तपासण्यांचा अहवाल पुढील महिन्याच्या पाच तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे कायद्याने नोंदणी, तपासणी व कारवाईचे अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडे, पोहोचवावा लागतो आणि कागद निदान दोन वर्षे जपून ठेवावे लागतात. दिवसाकाठी अनेक गर्भवती तपासणाऱ्या केंद्रात हा फॉर्म बहुधा स्वागतकक्षातील कर्मचारी भरतो, डॉक्टर शेवटी सही करतो, आणि पत्त्यात नुसते गावाचे नाव पडते किंवा पाठविणाऱ्या डॉक्टरचा रकाना कोरा राहतो, ते याच टप्प्यावर.

अशा कोऱ्या रकान्याची किंमत कायद्याने फार मोठी ठरविली आहे. कलम ४(३) च्या परंतुकानुसार नोंदीतील उणीव किंवा चूक ही, डॉक्टरने उलट सिद्ध न केल्यास, लिंगनिदानाशी संबंधित प्रतिबंधांचाच भंग समजली जाते. पहिल्या अपराधाला तीन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. न्यायालयाने आरोप निश्चित करताच मेडिकल कौन्सिलकडून नोंदणी निलंबित होण्याची आणि दोष सिद्ध झाल्यावर पाच वर्षांसाठी नाव काढून टाकले जाण्याची तरतूद आहे. लिंग सांगणारा आणि रकाना कोरा सोडणारा एकाच तराजूत तोलला जातो, ही संघटनेची तक्रार येथून निघते, आणि ती वरवर पाहता अगदी रास्त वाटते.

मात्र कायदा असा का रचला गेला, हेही ध्यानात घ्यावे लागते. चोरीत ज्याचा माल गेला तो तक्रार करतो; लिंगनिदानात सांगणारा आणि ऐकणारा दोघेही राजी असतात. एखादा शब्द, एखादी खूण, एवढ्याने व्यवहार पुरा होतो आणि त्याचा मागमूस उरत नाही. तक्रारदार नाही, साक्षीदार नाही, हत्यार म्हणावे तर ते प्रत्येक प्रतिष्ठित रुग्णालयात कायदेशीरपणे ठेवलेले. अशा गुन्ह्यात कागदाखेरीज दुसरा पुरावा राहत नाही, म्हणून कायद्याने कागदालाच साक्षीदार केले. संघटनेच्या युक्तिवादात या प्रश्नाला सरळ उत्तर क्वचितच सापडते, आणि तिच्या वकिलीतील कच्चा दुवा तोच आहे.

न्यायालयात हा दुवा दोनदा तुटला. कोल्हापूर जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलग्यांमागे अवघ्या ८३९ मुली आढळल्या होत्या. तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात तेथे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे उपकरण सोनोग्राफी यंत्रांना जोडण्यात आले; तपासणी चालू असता पडद्यावर दिसणारी प्रतिमा ते आपल्या स्मृतीत साठवून ठेवते. तेथील प्रशासनाने २०१० मध्ये हे उपकरण बसविण्याचा आणि २०११ मध्ये एफ फॉर्म ऑनलाइन भरण्याचा आदेश काढला, तेव्हा रेडिओलॉजिकल अँड इमेजिंग असोसिएशनच्या राज्यशाखेने मुंबई उच्च न्यायालयात त्याला आव्हान दिले. रुग्णाच्या खाजगीपणाचा भंग होतो आणि जिल्हाधिकाऱ्यास असा अधिकार नाही, हे तिचे मुद्दे होते. प्रतिमा बाहेर कोठे पाठविल्या जात नाहीत, त्या यंत्रापाशीच राहतात आणि संशय आल्यावरच उघडल्या जातात, हे लक्षात घेऊन न्यायालयाने त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये याचिका फेटाळली. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूरचा आकडा ८६३ वर आला, पण त्याचे श्रेय या उपकरणाला देणे घाईचे ठरेल, कारण त्या गणनेतील बहुतेक मुले ते येण्यापूर्वीच जन्मलेली होती. राज्याचा आकडा तर याच दशकात ९१३ वरून ८९४ पर्यंत घसरला.

यानंतरचा मार्ग रस्त्यावरचा होता. १ सप्टेंबर २०१६ रोजी संघटनेने देशव्यापी बंद पुकारला. कारकुनी चुकांना गुन्ह्यातून वगळावे ही तिची मुख्य मागणी होती. सोनोग्राफी थांबली की अपघातातील जखमी, मूतखड्याच्या वेदनेने तळमळणारा रुग्ण आणि गर्भवती या सर्वांनाच थांबावे लागते, म्हणून असे हत्यार फार काळ उगारून धरता येत नाही, आणि तसे ते धरलेही गेले नाही.

शेवटचा मोठा प्रयत्न भगिनी-संघटनेने केला. मुंबईत मुख्यालय असलेल्या स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या ‘फॉग्सी’ या महासंघाने कलम २३ मधील शिक्षा आणि आरोप निश्चित होताच होणारे निलंबन, दोन्हींना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. ३ मे २०१९ रोजी ते फेटाळताना न्यायालयाने नोंद न ठेवणे ही केवळ कारकुनी चूक मानण्यास नकार दिला. ज्या फॉर्मवरून तपासणीचे कारण कळते तो कोरा ठेवणे हीच गुन्ह्याची वाट मोकळी करून देणारी कृती होय, असा त्या निकालाचा आशय आहे.

आरोप निश्चित होणे म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, आणि खटला वर्षानुवर्षे रेंगाळणाऱ्या व्यवस्थेत तेवढ्यावरून नोंदणी निलंबित झाली, तर पुढे निर्दोष ठरलेल्या डॉक्टरची गेलेली वर्षे कोणी परत देत नाही. संघटनेचा हा आक्षेप आजही वजनदार आहे. सरसकट सवलतीच्या मागणीला जोडल्यामुळे तो दुबळा झाला. दोषी सभासदावर संघटनेने स्वतः होऊन कारवाई केल्याची आणि निर्दोषाच्या मागे उभे राहिल्याची उदाहरणे तिला एकाच वेळी दाखविता आली असती, तर तिचे म्हणणे अधिक गांभीर्याने ऐकले गेले असते.

सभासदाच्या दृष्टीने मात्र संघटनेची उपयुक्तता न्यायालयीन जय-पराजयावर मोजली जात नाही. यंत्राला सील लागले की पंचनाम्यात काय लिहिले जाते ते पाहणे, निलंबनाच्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करायचे असते हे वेळेवर सांगणे, विषय जाणणारा वकील गाठून देणे आणि व्यावसायिक विम्याची माहिती देणे, ही कामे शाखेचे पदाधिकारी आपला दवाखाना सांभाळून करू शकतात. रुग्णांच्या नातेवाइकांकडून होणाऱ्या हल्ल्यांविरुद्ध राज्याने २०१० मध्ये केलेला कायदाही बहुतेक डॉक्टरांना ठाऊक होतो तो पोलीस ठाण्याच्या पायरीवर, सहकाऱ्याच्या तोंडून.

सर्वांत परिणामकारक आधार याहूनही साधा आहे, आणि तो म्हणजे एफ फॉर्म कसा भरावा याचे शिक्षण. कोणता रकाना कोणत्या तपासणीला लागू होतो, लागू नसेल तेथे कोरे न ठेवता तसे लिहावे, चिठ्ठीवरचे नाव आणि फॉर्मवरचे नाव जुळते का ते पाहावे, सही करण्यापूर्वी डॉक्टरने स्वतः वाचावे, एवढेच त्यात असते. स्वागतकक्षातील ज्या कर्मचाऱ्याच्या हाती लेखणी असते त्यालाही अशा वर्गात बसविले, तर संघटनेच्या कोणत्याही याचिकेने वाचविले नसतील इतके सभासद वाचतील. कायदा बदललेला नाही. फॉर्म तोच आहे, आणि अहवालाची पाच तारीखही तीच.