सोलापूरच्या उन्हात फुलणारं झाड

मंडळी, फुलझाडांचा विषय निघाला की आम्हाला हमखास एक प्रश्न येतो. मोबाइलवर दिसतो तो गुलाबी फुलांनी लगडलेला शोभेचा आलुबुखारा, म्हणजे फ्लॉवरिंग प्लम, सोलापुरात लावता येईल का? रोपं ऑनलाइन मिळतात, आणि मिळतात म्हणून लोक मागवतात. उत्तर आधीच सांगून टाकतो. रोप एखाद-दोन वर्षं जगवता येईल, पण तो बहर काही येणार नाही. का येणार नाही, हे कळलं की इथे काय लावायचं तेही कळतं.

आलुबुखारा थंड मुलुखातला. हिवाळ्याआधी तो कळ्या तयार करतो, पानं गाळतो आणि झोपी जातो. ही झोप मोडायला थंडीच लागते. ढोबळ हिशेब असा, की पारा ७ अंशांच्या खाली असण्याचे काही शे तास भरावे लागतात. त्यानंतर ऊब आली की कळी उमलते. काश्मीर-हिमाचलात हे सहज घडतं. सोलापुरात ऐन डिसेंबर-जानेवारीतही पहाटेचा पारा बहुधा १५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. मग झाड गोंधळतं. पालवी उशिरा आणि विस्कळीत फुटते, फुलं तुरळक येतात, आणि पाठोपाठ चाळिशी ओलांडणारा उन्हाळा येतो.

आपल्या डाळिंब बागायतदारांना यात नवल वाटणार नाही. सांगोला-पंढरपूरकडे बागेला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. पानगळ होते, छाटणी होते, मग खत-पाणी दिलं की बाग एकदम फुलते. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी सोडलं तर आंबे बहार, जून-जुलैत मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त. थोडक्यात, विश्रांती दोन्ही झाडांना लागते. आलुबुखारा ती थंडीतून घेतो, डाळिंब कोरडेपणातून. सोलापुरात थंडी नाही, कोरडेपणा मात्र मागाल तेवढा! (हशा)

म्हणून अंगणात शोभेसाठी आम्ही बहावा सुचवतो. एप्रिल-मेमध्ये पानं झडून गेलेल्या फांद्यांवर हातभर लांब पिवळे घोस लोंबतात. गुलाबी नाही, हे मान्य.

बी शेंगेतून काढून तसंच पेरलं तर महिनोन् महिने ढिम्म राहतं, कारण त्याचं कवच पाणी आत जाऊ देत नाही. बियाची एक कड पॉलिश पेपरवर घासा, आतला फिकट भाग दिसेपर्यंत. मग रात्रभर पाण्यात ठेवा. जे फुगेल तेच पेरा. पिशवी उंच घ्या, मूळ सरळ खाली जातं.

लावणी पहिला दमदार पाऊस झाल्यावर. इथे काळ्या मातीचं प्रकरण नीट समजून घेतलं पाहिजे. ही माती ओली झाली की फुगते आणि पाणी धरून बसते. तिच्यात खड्डा खणून भुसभुशीत माती भरली, तर आपण जमिनीत एक बादलीच पुरलेली असते. आणि आपल्याकडे मोठा पाऊस बहुतेक वेळा सप्टेंबरात येतो. बादली भरते, मुळं कुजतात, आणि आपण म्हणतो, "पाणी तर भरपूर होतं, मग वाळलं कसं?" त्यापेक्षा खणलेल्याच मातीत कुजलेलं शेणखत मिसळा आणि रोप अर्धा फूट उंच वरंब्यावर लावा. मुरमाड जमीन असेल तर ही चिंता नाही. तिथे खड्डा मात्र मोठा हवा, २ फूट तरी.

पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी, खोडापासून थोडं लांब. बुंध्याभोवती तुरीचं भुसकट किंवा पालापाचोळा पसरा, म्हणजे जमीन भेगाळत नाही. तिसऱ्या वर्षापासून हिवाळ्यात पाणी तोडा. लॉनमध्ये रोज पाणी पिणारा बहावा हिरवागार राहतो आणि फुलायला कुरकुर करतो. छाटणी फुलं संपल्यावरच. फेब्रुवारीत फांद्या उतरवल्या तर त्या वर्षीचा फुलोराच उतरवला म्हणायचं.

बियापासून वाढवलेल्या झाडाला पहिलं फूल यायला पाच-सहा वर्षं सहज लागतात. तोवर पावसाळ्यात कधी हिरव्या अळ्या पानं फस्त करताना दिसतील. औषध फवारू नका. लिंबोणी रंगाच्या फुलपाखरांची ती पिल्लं आहेत, आणि महिन्याभरात झाड पुन्हा पालवतं.