पडदा काळा होतो तेव्हा

आजच्या भागाचा विषय तसा काही सेकंदांचाच आहे. सिनेमा किंवा मालिकेचा भाग संपताना पडदा काळा होतो, त्या काळ्या पडद्याबद्दल बोलायचंय. बहुतेक वेळा तो काही सांगत नाही, नुसता 'चला, उठा आता' म्हणतो. पण इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत हॉस्टेलवर जे काही बघितलं त्यातले तीन काळे पडदे डोक्यातून जात नाहीत, आणि तिघांचं काम पूर्ण वेगळं आहे.

पहिला 'फँड्री'चा. नागराज मंजुळेंचा हा सिनेमा २०१४ च्या फेब्रुवारीत थिएटरला लागला, आम्ही तो नंतर एका खोलीत दहाबारा जणांनी मिळून बघितला. शेवटचा भाग आठवत असेल. कचरू माने, म्हणजे किशोर कदम, अख्खं कुटुंब घेऊन डुकराच्या मागे धावतोय. गावातली पोरं बसून मॅच बघावी तशी बघतायत, हसतायत, मोबाइलवर फोटो काढतायत. मधेच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, हे सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि डुक्कर निघून जातं. नंतर ते डुक्कर बांबूला बांधून नेताना मागच्या भिंतीवर बाबासाहेब, फुले, शाहू महाराज यांची चित्रं दिसतात. आणि मग जब्या दगड उचलतो.

आता कॅमेरा कुठे आहे ते बघा. इतका वेळ आपण कुणाच्या बाजूला बसलोय? तर बघणाऱ्यांच्या. डुकराची धावपळ आपल्यालाही अधूनमधून विनोदी वाटलेली असते, खोलीत हशा झालेला असतो. शेवटचा दगड थेट भिंगाच्या दिशेने येतो आणि पडदा काळा. म्हणजे तो काळेपणा हा दगड लागल्याचा परिणाम आहे. लागला कुणाला? जो बघत होता त्याला. आमच्या खोलीत कुणी दिवा लावायला उठलं नाही. ज्याच्या लॅपटॉपवर बघत होतो तो मुलगा थोड्या वेळाने म्हणाला, 'आमच्या गावात मी हे केलं असतं तर पुढचा सीन वेगळा असता.' एवढंच, आणि झाकण लावून झोपायला गेला. त्यानंतर चारही वर्षं त्याच्यासमोर कुणी आडनावावरून विनोद केला नाही. सिनेमाने माणसं बदलतात वगैरे मी म्हणणार नाही, तो विनोद इतर खोल्यांत चालूच होता.

दुसरा पडदा अमेरिकेतला. 'द सोप्रानोज' या मालिकेचा शेवटचा भाग, १० जून २००७. डेव्हिड चेसने लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला. माफिया बॉस टोनी सोप्रानो न्यू जर्सीतल्या एका साध्या हॉटेलात कुटुंबाची वाट बघत बसलाय. दार उघडलं की घंटी वाजते, टोनी वर बघतो, मग त्याला काय दिसलं ते आपल्याला दिसतं. हा क्रम काही वेळा होतो. घंटी, चेहरा, दृश्य. आपल्या नकळत डोक्यात हे बसतं. बाहेर मुलगी गाडी पार्क करायला झगडतेय. शेवटी घंटी वाजते, टोनी वर बघतो, आणि जिथे त्याला दिसणारं दृश्य यायला हवं तिथे काळोख येतो. आवाजासकट सगळं बंद, साधारण दहा सेकंद. मग श्रेयनामावली, तीही मुकी.

त्या रात्री तिकडे कित्येक लोकांना वाटलं की केबल गेली. टोनी मेला की जगला यावर अजून वाद चालतो. मला तो वाद फारसा रंजक वाटत नाही. गंमत त्या क्रमात आहे. दोन पायऱ्या दिल्या की तिसरी आपलं डोकं स्वतःच भरतं, आणि दिग्दर्शकाने नेमकी तीच काढून घेतलीय.

तिसरा 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणेचा, २०१४ चा, त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याला मिळाला. नारायण कांबळे हा लोकशाहीर (वीरा साथीदार यांनी काय काम केलंय!) याच्यावर आरोप असा की त्याचं गाणं ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. कामगाराची बायको साक्षीत सांगते की गटारात उतरण्याआधी तो दगड टाकायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे. ही त्याची सुरक्षा यंत्रणा. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे, पण खटला चालतो शाहिरावर.

शेवटी कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते. कांबळे कोठडीतच. लोक बाहेर पडतात, दिवे एकेक करून बंद होतात आणि रिकामी कोर्टरूम अंधारात बुडते. कॅमेरा हलत नाही. कुणालाही वाटेल, संपला. पण आम्ही लॅपटॉपवर बघत होतो ना, खाली पट्टी दिसते, अजून काही मिनिटं बाकी. थिएटरात ही सोय नाही, तिथे माणूस चपला शोधायला लागतो. (लॅपटॉपवर सिनेमा बघू नये असं म्हणणाऱ्यांनी उलटाही विचार करावा. ती पट्टी धक्क्याचा जीव घेते.)

अंधारानंतर एकदम ऊन. न्यायाधीश सदावर्ते कुटुंबकबिल्यासह रिसॉर्टवर. गप्पांत ते एका न बोलणाऱ्या मुलासाठी अंकशास्त्र आणि खड्याची अंगठी सुचवतात. मग बाकावर डुलकी लागते, पोरं ओरडून त्यांना दचकवतात, एकाला थप्पड बसते आणि साहेब पुन्हा डोळे मिटतात. अंधारावरच थांबले असते तर सिनेमा 'व्यवस्था वाईट' एवढंच बोलला असता. रिसॉर्टमुळे कळतं की ज्याच्या सहीवर कांबळेचं आत-बाहेर ठरतं, तो आपल्या सोसायटीतला एखादा काकाच आहे. सज्जन, गप्पिष्ट, सुट्टीवर.

आता थोडं माझ्या धंद्याचं. स्ट्रीमिंग ॲपला 'इथून श्रेयनामावली सुरू' अशी वेळेची खूण दिलेली असते. ती आली की चित्र आकसून कोपऱ्यात जातं आणि पुढचा भाग उलटा मोजायला लागतं. हा कोड लिहिणाऱ्याच्या दृष्टीने त्या खुणेनंतर काही घडत नाही, प्रेक्षक पळून जायच्या आत त्याला पकडायचं. पण वरच्या तिन्ही ठिकाणी काम त्या खुणेच्या आसपासच चालू असतं. नेटफ्लिक्सवर प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये 'ऑटोप्ले' बंद करता येतं. ब्राउझरमधून करा, एका मिनिटाचं काम आहे. आणि 'कोर्ट' बघाल तेव्हा त्या खालच्या पट्टीवर एक कागद चिकटवा.