झेंडूची शेंडेखुडणी व दसऱ्याचा हिशेब

दारच्या तुळशीच्या मंजिऱ्या वेळेवर खुडल्या म्हणजे तुळस डवरते, आणि तशाच राहूं दिल्या म्हणजे ती उंच, काटकुळी व बुंध्याशीं उघडी होते, हें आपल्या घरांतील बायकांस कोणीं सांगावें लागत नाहीं. परंतु हाच नियम शेतांतील झेंडूस लावावयाचा म्हटला कीं, पुष्कळ शेतकरी कचरतात. जोमानें वर चढत असलेल्या रोपाचा शेंडा आपल्याच हातानें मोडणें त्यांच्या मनास पटत नाहीं. आणि ज्यांस तें पटतें त्यांपैकीं कित्येक तो अशा दिवशीं मोडतात कीं, फुलें दसरा उलटल्यावर येतात. दसऱ्याच्या सकाळीं ज्या फुलास गिऱ्हाईक झोंबतें, तेंच दुसऱ्या दिवशीं कोणी विचारीत नाहीं. म्हणून खुडणी कशी करावी याबरोबरच ती कोणत्या तारखेपर्यंत करावी व केव्हां मुळींच करूं नये, हें सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम कारण पाहूं. झेंडूच्या प्रत्येक पानाच्या बगलेंत एक डोळा असतो व खालच्या भागांत पानें समोरासमोर जोडीनें येत असल्यामुळें प्रत्येक पेरास असे दोन डोळे मिळतात. शेंडा शाबूत असेपर्यंत यांपैकीं बहुतेक निजलेले राहतात. शेंड्यांत एक द्रव्य तयार होऊन खोडांतून खालीं उतरत असतें, त्यास ऑक्झिन म्हणतात. हॉलंडांतील उट्रेख्ट येथें वेंट यानें १९२८ सालीं तें वेगळें करून दाखविलें. पुढें १९३३ च्या सुमारास थिमान व स्कूग या दोघांनीं अमेरिकेंत बाकल्याच्या रोपांचे शेंडे कापून त्या कापावर ऑक्झिन लाविलें, तेव्हां शेंडा नसतांही बगलेचे डोळे निजलेलेच राहिले. शेंड्याचा हुकूम कोणत्या मार्गानें चालतो, हें त्यावरून कळलें. मात्र गोष्ट एवढ्यावर संपली नाहीं. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड येथील संशोधकांनीं २०१४ सालीं वाटाण्यावर दाखविलें कीं, शेंडा कापतांच त्याच्याकडे जाणारी साखर मोकळी होऊन डोळ्यांकडे वळते, आणि ऑक्झिन उतरण्यापूर्वींच त्या साखरेनें डोळे जागे होऊं लागतात.

ही शेवटची गोष्ट शेतकऱ्यानें नीट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. साखर पानें तयार करितात, व तीही उन्हांत. तेव्हां ज्या रोपास पानें थोडीं, किंवा जें माडाच्या दाट सावलींत उभें आहे, किंवा जें लावणीच्या धक्क्यांतून अद्याप सावरलें नाहीं, त्याचा शेंडा खुडून फारसें कांहीं हातीं लागत नाहीं. डोळ्यांवरील पहारा उठतो खरा, पण त्यांस शिदोरी मिळत नाहीं. शेळीनें तोंड लाविलेलें रोप पुष्कळदां खुरटतें त्याचें कारण हेंच. ती शेंड्याबरोबर पानेंही नेते.

आतां आपल्या किनाऱ्याचें पाहूं. तोंडवली-तळाशीलची पट्टी म्हणजे एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास गड नदीची खाडी व मध्यें वाळवट जमीन. येथें श्रावण-भाद्रपदांत वारा आडवा लागतो. न खुडलेला मोठा झेंडू कमरेएवढा होतो, त्याचें पहिलें फूल अगदीं माथ्यावर येतें, तें पावसानें भिजून जड होतें, आणि वाळूंत मुळांस पकड थोडी असल्यानें झाड एका झोतांत आडवें होतें. खुडलेलें झाड ठेंगणें व रुंद होऊन आपलें वजन पांचसहा फांद्यांवर वांटून घेतें. देशावर शेंडा खुडतात तो मुख्यतः अधिक फुलांसाठीं. आपण तो झाड उभें राहावें यासाठींही खुडला पाहिजे.

कृति सोपी आहे. रोप जमिनींत लावून चार आठवडे होत आले, तें वीतभर उंच झालें व त्यावर पानांच्या पांचसहा जोड्या दिसूं लागल्या, म्हणजे वरचा कोंवळा शेंडा सुमारें दीड इंच, बोट व नख यांमध्यें धरून मोडावा. तो नखानें तुटला पाहिजे. विळा घ्यावा लागला तर खोड निबर झालें व वेळ टळत चालली असें समजावें. खालीं चार जोड्या तरी पानें राहिलींच पाहिजेत. पावसानें उघडीप दिली असेल असा दिवस पाहून, पानांवरील ओल सुकल्यावर सकाळीं हें काम करावें, म्हणजे सायंकाळपर्यंत जखम धरते. झडींत खुडलेला शेंडा कुजत खालीं येतो. पानांवर करपा दिसणारीं रोपें शेवटीं घ्यावीं व नंतर हात धुवावे.

खुडणीच्याच आठवड्यांत नत्राचा हप्ता देऊन बुंध्याशीं मातीची भर द्यावी. आमच्या वाळवटींत एकदम टाकलेलें नत्र पहिल्याच मोठ्या सरीबरोबर खालीं निघून जातें, यास्तव तोच हप्ता दोन भागांत आठ दिवसांच्या अंतरानें देणें बरें. भर दिल्यानें झेंडूच्या खोडास नवीं मुळें फुटतात. वाफे उंच व पाणी काढून देणारे हवेत, हें वेगळें सांगावयास नको.

आतां मुख्य मुद्दा, म्हणजे दिवसांचा. महसुली कारकुनींत जन्म गेल्यानें तारखा उलट्या मोजण्याची खोड आम्हांस लागली आहे, ती येथें उपयोगी पडते. मोठ्या झेंडूचें बीं पेरल्यापासून रोप लावण्याजोगें होण्यास सुमारें पंचवीस दिवस, लावणीपासून फुलें तोडण्याजोगीं होण्यास साठपासष्ट दिवस, आणि शेंडा खुडल्यामुळें होणारा विलंब आठ ते पंधरा दिवस धरावा. एकूण शंभर दिवस झाले. पावसाची लहर म्हणून त्यावर एक आठवडा ठेवावा. हें ढोबळ मान आहे व जातीप्रमाणें त्यांत फरक पडतो. दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेची 'पुसा नारंगी गेंदा' ही जात पुष्कळ उशिरां फुलते. ती लावणारानें पेरणी त्या मानानें मागें न्यावी.

दसरा तिथीनें येतो, तारखेनें नव्हे, आणि घोळ होतो तो येथेंच. २०२३ सालीं अधिक श्रावण झाल्यानें दसरा २४ ऑक्टोबरास आला; २०२४ सालीं १२ ऑक्टोबरास; २०२५ सालीं तर २ ऑक्टोबरासच. दोन वर्षांत बावीस दिवसांचा फरक पडला. 'मागील सालीं अमुक तारखेस रोपें लाविलीं होतीं' या आठवणीवर जो चालला, त्याच्या कळ्या २०२५ च्या दसऱ्यास हिरव्याच राहण्याचा संभव होता. २०२६ चें पंचांग पुन्हां निराळें. अधिक ज्येष्ठामुळें दसरा २० ऑक्टोबरावर जातो. म्हणून बीं विकत घेण्यापूर्वीं पंचांग उघडावें.

यावरून खुडणीचा शेवटचा दिवस काढितां येतो. खुडल्यानंतर चांगलीं फुलें हातीं येण्यास सुमारें पन्नास दिवस लागतात असें धरून, दसऱ्यापासून तितके दिवस मागें मोजावे. २०२४ सालीं तो दिवस २३ ऑगस्ट होता, २०२५ सालीं १३ ऑगस्ट, व २०२६ सालीं तो ३१ ऑगस्ट येतो. हा दिवस गेला कीं दसऱ्यासाठीं राखलेल्या वाफ्यांतील शेंड्यास हात लावूं नये. तीं झाडें उंच होतील, फुलें थोडीं येतील, वाऱ्यासाठीं काठीचा आधार द्यावा लागेल; पण फुलें दसऱ्यास मिळतील. ज्या वाफ्यांत रोपेंच उशिरां लागलीं असतील ते सरळ दिवाळीकडे वळवावे. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजन वीस तिथींवर असतें, तेव्हां तितकाच अवधि खुडणीसही अधिक मिळतो. दोन वेळां खुडण्याचा सल्लाही कांहीं लोक देतात. आमच्या मतें किनाऱ्यावरील पावसाळी झेंडूस तो लागू नाहीं; दुसऱ्या खुडणीनें गेलेले दिवस परत मिळत नाहींत.

गणेशचतुर्थीची गोष्ट निराळी आहे. २०२५ सालीं ती २७ ऑगस्टास होती. शंभर दिवस मागें मोजल्यास पेरणी मेच्या तिसऱ्या आठवड्यांत, म्हणजे विहिरीच्या पाण्यावर करावी लागते. ज्याच्याकडे तें पाणी आहे त्यानें शेंडा न खुडतां थोडें पीक घ्यावें. आपली माटवी तशीही रानांतील तेरड्यानें व कवंडळांनीं भरते.

खुडलेल्या झाडाचीं फुलें संख्येनें अधिक, परंतु किंचित् लहान होतात. हार व तोरणें करणारास हें चालतें, किंबहुना सोईचें पडतें. फुलांच्या प्रदर्शनांत एकच टपोरें फूल मांडावयाचें असेल त्यानें उलट बगलेच्या कळ्या काढाव्या. लावणीचें अंतरही यावर ठरतें. दीड ते दोन फूट मोकळी जागा न देतां जो खुडतो, त्याच्या फांद्या एकमेकांत अडकून आंतील पानें पिवळीं पडतात व ओलींत बुरशी माजते. दाट लागवड झालीच असेल तर न खुडणें पत्करावें. लहान जातीचा मखमली झेंडू उपजतच बुंध्यापासून फुटतो. त्यास खुडणें म्हणजे मजुरी व्यर्थ दवडणें होय. हल्लीं मिळणाऱ्या ठेंगण्या संकरित जातींपैकीं पुष्कळ तशाच आहेत, म्हणून प्रथम दहा रोपें राखून पाहावें. कोंबड्यास मात्र कधींही खुडूं नये, कारण माथ्यावरील तुरा हेंच त्याचें फूल.

मोडलेले शेंडे खतांत टाकूं नयेत. तीनचार इंचांचे निरोगी शेंडे मिळाले तर खालचीं पानें काढून ते ओल्या वाळूंत सावलीस खोंचावे. दोन आठवड्यांच्या आंतबाहेर त्यांस मुळें फुटतात. बंगालकडील झेंडूवाले लागवडीचीं रोपें अशा शेंड्यांपासूनच करितात. वाळू नदीची घ्यावी. पुळणीवरची घेणें झाल्यास ती पावसाच्या पाण्यानें पुरती धुऊन घ्यावी, नाहीं तर तिच्यांतील मीठ कोंवळीं मुळें जाळतें. संकरित जातीचें बीं घरीं धरल्यास पुढील पीक मूळ झाडासारखें येत नाहीं, पण शेंड्यापासून केलेलें रोप हुबेहूब त्याच झाडाचें असतें. अशा रोपांनीं वाफ्यांतील मेलेल्या जागा भराव्या. तीं ठेंगणीं राहून लवकर कळी धरतात, तेव्हां त्यांचे शेंडे पुन्हां खुडूं नयेत.