प्लास्टिकचे खेळण्यातील सैनिक : मूळ, पुनर्निर्मिती आणि नक्कल

प्लास्टिकचे छोटे सैनिक, रणगाडे व लष्करी ट्रक जमविण्याचा छंद प्रथमदर्शनी बालिश वाटण्याची शक्यता आहे. तथापि भौतिक संस्कृतीच्या अभ्यासातील अस्सलपणाविषयीचा एक जटिल प्रश्न या छंदाने अत्यंत व्यावहारिक स्वरूपात उपस्थित केला आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या साच्यातून आज पुन्हा काढलेला सैनिक हा मूळ मानावा की नक्कल? प्रस्तुत लेखात प्रामुख्याने अमेरिकेतील मार्क्स कंपनीच्या उदाहरणाच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

खेळण्यातील सैनिक प्लास्टिकपूर्वी धातूचे होते. इंग्लंडमधील ब्रिटन्स या कंपनीने १८९३ मध्ये शिशाचे पोकळ सैनिक ओतण्यास प्रारंभ केला. ५४ मिलिमीटर हे तिचे प्रमाण पुढे प्लास्टिकच्या सैनिकांनीही मोठ्या प्रमाणावर स्वीकारले. अमेरिकेत प्लास्टिकचे सैनिक १९३८ च्या सुमारास आले. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिक स्वस्त झाले, शिशाच्या विषारीपणाची जाणीव वाढली आणि १९६० च्या दशकात शिशाचे सैनिक बाजारातून मागे पडले.

या स्थित्यंतराचा सर्वाधिक लाभ लुई मार्क्स यांच्या १९१९ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीला झाला. पत्र्याचा छापील किल्ला, प्लास्टिकचे कुंपण, तोफा, वाहने आणि डझनावारी सैनिक एकाच खोक्यात घालून ती 'प्लेसेट' विकत असे. सिअर्ससारख्या दुकानांच्या टपाल-सूचीपत्रांमुळे ही खोकी अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत पोहोचली. १९५५ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर मार्क्स यांचे चित्र झळकले. पुढे कंपनी १९७२ मध्ये क्वेकर ओट्सकडे व १९७६ मध्ये एका ब्रिटिश समूहाकडे गेली; १९८० मध्ये तिचे दिवाळे निघाले. व्हिएतनाम युद्धामुळे बदललेले लोकमत आणि १९७३ नंतर वाढलेल्या तेलाच्या, पर्यायाने प्लास्टिकच्या, किमती या काळात युद्धविषयक खेळण्यांचा सारा धंदाच अडचणीत आला होता.

कंपनी बुडाली, साचे मात्र उरले. वितळलेले प्लास्टिक दाबाने ज्यात भरले जाते तो पोलादी साचा हा या व्यवसायातील सर्वांत खर्चिक भाग होय. बारकावे कोरण्यास कुशल कारागीर लागतो, परंतु एकदा सिद्ध झालेला साचा लाखो प्रती देऊ शकतो. म्हणूनच दिवाळखोरीनंतर असे साचे विकले गेले आणि त्यांतील काहींतून पुढील मालकांनी पुन्हा सैनिक काढले. संग्राहक यांना 'रिइश्यू', म्हणजे पुनर्निर्मिती म्हणतात. जुन्या छापांतून टांकसाळीने पुन्हा पाडलेल्या नाण्यांशी त्यांचे साधर्म्य आहे.

नक्कल ही यापेक्षा सर्वस्वी भिन्न बाब आहे. तिच्यात तयार सैनिकावरूनच नवा साचा घेतला जातो. थंड होताना प्लास्टिक आक्रसत असल्याने अशी प्रत मूळाहून किंचित लहान भरते आणि चेहरा, बोटे, पट्ट्याचे बक्कल असे तपशील बोथट होतात. पुनर्निर्मितीत आकार जवळजवळ तोच राहतो. ती ओळखावी लागते रंगाच्या छटेवरून, प्लास्टिकच्या मऊपणावरून अथवा झिजलेल्या साच्याच्या सांध्यातून बाहेर आलेल्या पातळ पापुद्र्यावरून. जाणकारांचीही येथे फसगत होऊ शकते, आणि दुय्यम बाजारात पुनर्निर्मितीची 'जुना मूळ माल' म्हणून विक्री होण्यास वाव मिळतो तो यामुळेच.

मूळ वस्तू श्रेष्ठ आणि पुनर्निर्मिती दुय्यम, असा निवाडा देणे यावरून सोपे वाटते. परंतु द्रव्याचा विचार करता तो टिकत नाही. हे सैनिक बहुधा पॉलिएथिलीनचे असतात. प्रकाश, उष्णता व हवेतील ऑक्सिजन यांमुळे या प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या कालांतराने तुटू लागतात आणि बंदुकीची नळी किंवा घोटा स्पर्शासरशी मोडतो. साध्या गोंदाने तो जुळत नाही, आणि रंगही या पृष्ठभागावर नीट धरत नाही. १९५९ पासून निघालेल्या ब्रिटनमधील एअरफिक्सच्या चिमुकल्या सैनिकांबाबत हा अनुभव विशेष परिचयाचा आहे. म्हणजे ज्या वस्तूला अस्सल म्हणून अधिक किंमत मिळते तीच नष्ट होत आहे, आणि मूर्तिकाराने घडविलेला आकार जपण्याचे कार्य मात्र स्वस्त पुनर्निर्मिती करीत आहे.

अर्थात आकार म्हणजे सर्वस्व नव्हे. त्या काळचे खोके, सूचनापत्रक, एका संचात कोणत्या रंगाचे किती सैनिक होते याची नोंद, हे सर्व शीतयुद्धकालीन बालपणाचे दस्तऐवज आहेत आणि ते साच्यातून पुन्हा निघत नाहीत. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील 'नॅशनल टॉय हॉल ऑफ फेम'मध्ये २०१४ साली हिरव्या प्लास्टिक सैनिकांचा समावेश झाला. याउलट, वेस्ट व्हर्जिनियातील माउंड्सव्हिल येथे मार्क्सच्या खेळण्यांना वाहिलेले संग्रहालय २०१६ मध्ये बंद पडले. त्यामुळे या दस्तऐवजांचा मोठा भाग खाजगी घरांतच आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.

संग्राहकांनी स्वतःपुरता एक मार्ग काढला आहे : सूचीत साचा आणि उत्पादन यांची वर्षे स्वतंत्र लिहिणे. इलिनॉयमधील टिम मी या नाममुद्रेचा एम-४८ पॅटन रणगाडा हे यासाठी चांगले उदाहरण ठरते. त्याची जुनी आणि अलीकडची प्रत शेजारी ठेवल्यास भेद सांगण्यासाठी रणगाड्याच्या रूपापेक्षा प्लास्टिककडेच अधिक पाहावे लागते.